पिंप

सेक्टर पंधरात, चौथ्या मजल्यावर
मी कंटेनरांची वजनं भरते.
माझ्या खुर्चीखाली, आई म्हणते, आपली कोंडी होती,
सातवी. पाणी उशिरा सुकायचं तिथलं,
मीठ जाड पडायचं,
चुलत्यांची भांडणं नेहमी तिच्यावरूनच.
आईचं बोट लिफ्टकडे असतं.

दुपारी बेलापूरच्या किल्ल्यापाशी डबा खाते.
किल्ला म्हणजे एक बुरूज, त्यातून निघालेला उंबर.
आधी सिद्दीचा, मग फिरंग्यांचा, मग पेशव्यांचा,
आता पालिकेचा, कुंपणासकट.
तिथे शेजारी मी जोमाला बसवते.
जोमा असा कुणी होता, याला कागद नाही.
पण फावडं कुणीतरी ओढलंच असेल,
कुणाच्या तरी टाचांच्या भेगांत
खारं पाणी शिरलंच असेल.
त्याला मी जोमा म्हणते. आमच्यात शोभतं ते नाव.

उधाणाच्या पाण्यावर मीठ भरून पडाव निघायचे
वसईकडे.
तिथे गलबतं उभी, सागवान आपल्याच डोंगरांतलं,
आणि पोटात पिंपं:
थर डुकराच्या मांसाचा, थर मिठाचा,
पुन्हा मांस, पुन्हा मीठ,
वर झाकण, लोखंडी पट्टी.

शाळेच्या पुस्तकात होतं, त्यांनी तोफांनी समुद्र जिंकला.
तोफेला भूक लागत नाही.
तोफेमागच्या माणसाला लागते,
सहा महिने, लिस्बनपर्यंत,
आणि त्याचं ताट सडू नये
याचा बंदोबस्त जोमा करत होता
कंबरेत वाकून, चैत्राच्या उन्हात.
लिस्बन नावाचं गाव आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.
ठाऊक होतं ते एवढं:
भांगाला पाणी आत येत नाही,
उधाणाला बांध फुटतो,
आणि कारकून मिठाचं माप शीग लावून घेतो,
तांदळाचं माप अंगठा आत घालून देतो.

फार लांब पोचला त्यांचा हात, म्हणतात.
पोचला असेल.
कोपर मात्र इथे टेकलेलं होतं,
शहाबाजच्या चिखलात.

खाल्ल्या मिठाला जागावं,
अशी म्हण आहे.
खाल्लं त्यांनी.
जागला जोमा,
भरतीच्या रात्री, बांधावर, गुडघाभर गाळात,
कुठून पाणी झिरपतंय ते पायाच्या अंगठ्यानं चाचपत.

ते गेले. शब्द राहिले घरात.
चावी. लिलाव. पगार.
पगार महिन्याच्या सात तारखेला येतो,
लिलाव आमच्या जमिनीचा झाला नाही,
नुसती नोटीस आली होती, आजाला वाचता येत नव्हती.
आणि पिंप.
मोरीत आहे आमच्या, निळं, प्लास्टिकचं,
तुर्भ्याच्या कुठल्याशा कारखान्यातून आलेलं,
सात वेळा धुतलं तरी पहिल्या पावसाळ्यापर्यंत वास मारत होतं.
पाणी जाणार असलं की आई ते काठोकाठ भरते.

आता मीठ लागत नाही.
कोळंबी उणे अठरावर झोपून जाते,
मी तिचं वजन लिहिते, सीलचा नंबर लिहिते,
बंदराचं नाव लिहिते. रॉटरडॅम.
कुणाचा हात, कुणाच्या ताटात,
हे विचारायला त्या फॉर्मवर रकाना नाही.
जोमापेक्षा मला जास्त ठाऊक आहे
ते गावाचं नाव.

काल येताना मिठाची पिशवी आणली,
बारीक, पांढरीशुभ्र, आयोडीनवाली.
आईनं चिमूट घेतली, दोन बोटांत चोळली,
पुन्हा चोळली, जणू काही हरवलंय तिच्यात.
"याला दाना नाय गो," म्हणाली,
आणि कालवणात टाकली.